आबांच्या हाताचं भाडं

चाकणच्या रस्त्यावर आम्ही घेतलेल्या शेडच्या छतात मधोमध दोन पत्रे फायबरचे होते. दुपारी त्यांतून फिकट, दुधाळ उजेड खाली यायचा आणि बरोबर आबांच्या पाठीवर पडायचा. ते जुन्या लेथवर ओणवे झालेले असायचे. लोखंड खरवडायच्या लांब स्क्रॅपरची मूठ कमरेच्या हाडाशी टेकवलेली, दोन्ही हात पात्याजवळ, आणि सगळं अंग हळूच पुढे जायचं, मागे यायचं. खर्र, खर्र. कोपऱ्यातल्या टेबलाशी मी बिलं करत बसलेली असायचे. त्या आवाजानं डोळे जड व्हायचे, समोरचे आकडे पुसट व्हायचे आणि बाहेरचे कंटेनर कुठल्यातरी लांबच्या गावातून चालल्यासारखे वाटायचे. ती वर्षं आठवायची म्हटलं की आधी हा उजेड येतो. बाकीचं मग त्याच्यामागून एकेक करून येतं.

आम्ही मूळचे परभणीकडचे. वडील कारखान्यात लागले म्हणून चिंचवडला आलो. पुढे माझा मोठा भाऊ, दादा, हाही एका कंपनीत मेंटेनन्सला लागला. बरीच वर्षं नोकरी केल्यावर एकदा जेवताना त्यानं सांगितलं, "मी सोडतोय. जुन्या मशिनी नव्यासारख्या करून द्यायचं काम काढतोय. तू ऑफिस सांभाळशील?" मी तेव्हा पिंपरीत एके ठिकाणी अकाउंट्सला होते. लग्न मोडलेलं होतं, एक दिवस दुसऱ्यासारखाच जात होता. मी हो म्हणाले.

काम असं होतं. लेथ किंवा मिलिंग मशीन वर्षानुवर्षं चाललं की त्याच्या ज्या लोखंडी पट्ट्यांवरून भाग पुढे-मागे सरकतात, त्या झिजतात. डोळ्यांना काही दिसत नाही, पण माल वाकडा निघायला लागतो. नवं मशीन घेण्यापेक्षा जुनं दुरुस्त करून घेणं कंपन्यांना परवडतं. पट्ट्यांचं मोठं काम यंत्रावर होतं, पण शेवटचा सपाटपणा हातानंच आणावा लागतो. एका सपाट पाटाला निळा रंग अगदी पातळ लावायचा आणि तो पाट पट्टीवर फिरवायचा. जिथं उंचवटा असेल तिथं निळा ठिपका उमटतो. तेवढाच ठिपका खरवडायचा, केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी. पुन्हा रंग, पुन्हा पाट, पुन्हा ठिपके. असं करत करत सगळ्या पट्टीभर सारखे, दाट ठिपके पसरले की झालं.

हे काम आबांसारखं कुणाला येत नव्हतं. ते चाकणजवळच्याच एका गावचे. घरची बरीचशी जमीन एका कारखान्यासाठी गेली, त्या बदल्यात घरातल्या एकाला नोकरी मिळाली, ती यांना. तिथं एका म्हाताऱ्या फिटरच्या हाताखाली ते स्क्रॅपिंग शिकले. कारखाना बंद पडल्यावर इकडेतिकडे करत आमच्या दारात आले. दादानं त्यांना एक पट्टी करायला दिली. त्यांनी ती करून दिली, वरून तळहात फिरवला आणि म्हणाले, "हितं मधी आजून जरा खड्डा हाय." दादानं मोजून पाहिलं. खड्डा होता, पण तो मोजायला आमचं सगळ्यात बारीक मोजणारं उपकरण लागलं.

मी त्या पहिल्या आठवड्यातच विचारलं होतं, "आबा, हे शिकायला किती दिवस लागतात?"

"दिस?" ते हसले. "धा वर्सं म्हना, ताई. त्यातली पयली पाच नुसती हे कळायला, की आपल्याला येत न्हाई."

सुरुवातीची दोन वर्षं स्वप्नासारखी गेली. त्या सगळ्या भागात आमच्यासारखी तीनच शेडं होती. कंपन्या एकामागून एक येत होत्या, त्यांच्या मशिनी थकत होत्या, आणि आम्ही सांगू तो भाव होता. सकाळी धुक्यातून ट्रक दारात यायचा, ताडपत्री सोडली की गंजलेलं, तेलकट मशीन झोपलेल्या म्हशीसारखं आत बसलेलं दिसायचं. महिन्या-दीड महिन्यानं तेच मशीन हिरवा रंग लावून, गुळगुळीत होऊन जायचं. दादानं गाडी घेतली. मी चिंचवडला वन-बीएचके बुक केला. संध्याकाळी परत जाताना गाडीच्या काचेतून कंपन्यांचे दिवे मागे पळताना बघत मला वाटायचं, आपण हुशार आहोत म्हणून हे होतंय. दादाला तर खात्रीच होती.

आमच्या हुशारीबद्दलची बातमी अर्थात पसरली. ट्रकवाले बोलतात, क्रेनवाले बोलतात, आणि सगळ्यात जास्त आपलेच कामगार बोलतात. आमच्याकडचा एक फिटर होता, लातूरचा, कामाला चांगला, बोलायला त्याहून चांगला. त्यानं एका दिवाळीनंतर मिठाईचा बॉक्स आणला आणि सांगितलं, "ताई, मी पण स्वतःचं काढतोय. रस्त्याच्या पलीकडेच. राग नाही ना?" राग कसा येणार? दादानं दोन वर्षांपूर्वी तेच केलं होतं. तो समोर गेला, म्हणून आम्ही त्याला 'समोरचा' म्हणायला लागलो आणि तेच नाव पडलं.

त्याच्यानंतर आणखी आले. कुणी कंपनीतून निवृत्ती घेऊन, कुणी गावची जमीन विकून, कुणी दोन मित्र मिळून. एका पावसाळ्यात मी गेले तेव्हा कोपऱ्यावर एक नवा बोर्ड होता. उन्हाळ्यात पाहिलं तर तसले बोर्ड मला एका नजरेत मोजता येईनात. सगळ्यांकडे सारखीच यंत्रं, सारखेच हिरव्या रंगाचे डबे, सारखीच व्हिजिटिंग कार्डं.

मग भाव उतरायला लागला. हे कसं होतं ते मी एका कंपनीच्या खरेदी विभागात बसून पाहिलं. तिथले साहेब तसे सज्जन होते, दर वेळी चहा मागवायचे. त्या दिवशी त्यांनी टेबलावर पाच कोटेशनं पत्त्यांसारखी पसरली.

"मॅडम, तुमचं सगळ्यात वर आहे."

"सर, आमचं काम तुम्हाला माहीत आहे."

"आहे ना. पण या खालच्या चौघांचंही वाईट नाही. आणि चौघंही तुमच्याच रस्त्यावर राहतात की हो."

मी भाव कमी केला. पुढच्या वेळी समोरच्यानं माझ्याखाली केला. त्यानंतर कुणीतरी त्याच्याखाली. हे दोनेक वर्षं चाललं, आणि मग एक गंमत झाली. भाव पडायचा थांबला. कुणी ठरवून थांबवला नाही, बैठक झाली नाही. एका पातळीखाली गेलं की माणूस म्हणायचा, यापेक्षा मी नोकरी करतो. दोघं-तिघं खरंच शेड सोडून नोकरीला गेले. त्यांच्या जागी नवं कुणी आलं नाही, कारण आता येऊन काही विशेष मिळण्यासारखं उरलं नव्हतं. सगळा रस्ता जणू एका जागी येऊन स्थिर झाला.

मी एका दुपारी बसून आकडे मांडले. दादा नोकरीत असता तर त्याला काय मिळालं असतं, मला काय मिळालं असतं, यंत्रांत घातलेले पैसे बँकेत असते तर काय व्याज आलं असतं. तिन्हींची बेरीज केली. वर्षाकाठी आमच्या हाती जे पडत होतं ते आणि ही बेरीज जवळजवळ सारखी होती. एक पैसा वर नाही, एक पैसा खाली नाही, असं म्हटलं तरी चालेल. मला रडू यायला हवं होतं, पण उलट हलकं वाटलं. आम्ही बुडत नव्हतो. आमच्या कष्टाचं आम्हाला मिळत होतं. त्याच्यावरची साय मात्र गेली होती, आणि ती कुणी चोरली असं बोट दाखवायला समोर माणूसही नव्हता.

साय सगळी गेली होती असंही नाही. आमच्याकडे आबा होते. कंपन्यांचे लोक फोनवर आधी विचारायचे, "आबा आहेत ना?" असतील तर आमचं कोटेशन थोडं वर असलं तरी त्यांना चालायचं. अवघड मशिनी, जिथं एका केसानं फरक पडतो, त्या आमच्याकडेच यायच्या. दादा म्हणायचा, "बघ, नाव केलं की असं होतं." नाव आमचं होतं आणि हात आबांचा, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं, पण त्यावर आम्ही कधी बोलत नव्हतो.

एका सकाळी चहा पिताना आबा नेहमीच्या आवाजात म्हणाले, "समूरचा आल्ता काल घरी. पगार वाढवून देतो म्हन्ला."

दादाचा कप हातातच राहिला. "तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हननार? तुमाला सांगतो म्हन्लो. मागनं गेल्याली गोष्ट मला बरी वाटत न्हाई."

दादानं तेवढा पगार वाढवला. सहा महिन्यांनी कोपऱ्यावरच्या शेडमधून निरोप आला. आबांनी तोही सांगितला, दादानं पुन्हा वाढवला. आबा मागत नव्हते. दर वेळी फक्त कळवायचे, हवामान सांगावं तसं.

त्याच सुमाराला मावशींनी भाडं वाढवायचं काढलं. मावशी म्हणजे आमच्या शेडच्या मालकीण. जिथं आमच्या मशिनी उभ्या होत्या तिथं पूर्वी त्यांचा कांदा होता. रस्ता रुंद झाला, मग त्यांनी ओळीनं शेडं बांधली. दर महिन्याला स्वतः यायच्या, दाराशी खुर्ची टाकून चहा प्यायच्या, आणि आमच्या कामाकडे ढुंकूनही न बघता सगळा वेळ रस्त्याकडे बघत राहायच्या.

मी म्हणाले, "मावशी, गेल्या वर्षीच वाढवलं होतंत."

"व्हय, वाढवलं हुतं."

"आमचा रेट पडलाय. आता आणखी कुठून देऊ?"

"तुजा रेट पडला त्याला मी काय करू, पोरी? तिघं येऊन गेल्यात इचारायला. क्रेन सरळ दारात येती असली शेडं हितं पाच हायती, आन पाची माजी." त्यांनी बशी खाली ठेवली. मग जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "खोटं कशाला बोलू? मी काईच करत न्हाई. कांदा करत हुते तवा कंबर मोडंस्तवर राबले, तरी एवडं कदी बघितलं न्हाई. आता रस्ता दारात आला म्हून लोक येत्यात. रस्ता काय मी केला?"

त्यांच्या बोलण्यात माज नव्हता. त्या खरोखरच चकित होत्या. आपल्याच जमिनीकडे त्या एखाद्या अनोळखी पाहुण्यासारख्या बघत होत्या. मी भाडं वाढवून दिलं. दुसरीकडे गेले असते तर क्रेन दारात आली नसती, आणि तोच पैसा मला मशीन चढवा-उतरवायला घालावा लागला असता.

आबांच्या घरी तिसरा निरोप आला तेव्हा दादा फुटला. मला ती सकाळ जशीच्या तशी दिसते. बाहेर कंपनीच्या बसेस शिफ्टची माणसं उतरवून जात होत्या, धूळ उन्हात तरंगत होती, आणि माझा शांत भाऊ भर शेडमध्ये ओरडत होता.

"आबा, आम्ही तुम्हाला ठेवलं. तुम्ही दारात आलात तेव्हा कुणी विचारत नव्हतं. आता सगळा फायदा तुम्हीच घेऊन जाणार? मग आम्ही हे शेड कशाला चालवायचं?"

आबांनी ऐकून घेतलं. मग स्क्रॅपर पुसला, फडक्यात गुंडाळला. "दादा, तुमी म्हनाल तर ऱ्हातो. पर त्येवढ्याला मला कुनीतरी देतंय, मग मी कमी कशापायी घिऊ? मला दोन पोरी हायती."

"मग जा," दादा म्हणाला.

ते गेले. रस्ता ओलांडला, बस.

त्यानंतरचे महिने माझ्या आठवणीत थोडे अंधूक आहेत. टेबलावरून मान वर केली की रस्त्यापलीकडे, समोरच्याच्या शेडमध्ये, आबांची पाठ दिसायची. पुढे जायची, मागे यायची. मधून ट्रक गेला की ती पुसली जायची आणि पुन्हा उमटायची. आवाज मात्र इकडे पोचत नव्हता. आवाजाशिवाय ते काम फार हळू, पाण्याखाली चालल्यासारखं दिसायचं. कंपन्यांच्या अवघड मशिनी तिकडे जायला लागल्या. आमच्याकडे साधी कामं आली, साध्या भावानं. दादा माझ्याशीही कमी बोलायचा.

वर्ष संपलं. मी पुन्हा आकडे मांडले आणि दोनदा तपासले, कारण पहिल्यांदा माझा विश्वास बसला नाही. आबा गेल्यावरही आमच्या हाती पडलेले पैसे आधीइतकेच होते. अवघड कामांचा जास्तीचा भाव गेला होता, पण तेवढाच आबांचा जास्तीचा पगारही गेला होता. म्हणजे शेवटच्या वर्षभरात आबांमुळे येणारं सगळं आबांकडेच जात होतं आणि आम्ही उगाच ते आपलं समजत होतो.

हे दादाला कसं सांगावं याचा मी विचार करत होते, तेवढ्यात एका संध्याकाळी समोरचाच चहाला आला. खुर्चीत बसला, पाय लांब केले.

"ताई, एक बोलू का? हसू नका. मला वाटलं होतं, आबा आले की आपली चांदी. गिऱ्हाईक आलं बरं का, भरपूर आलं. पण राहतंच नाही राव काही! त्या कोपऱ्यावाल्यानं पुन्हा जास्त सांगितलं, मी पुन्हा वाढवलं. महिनाअखेरीला बघतो तर आबा यायच्या आधी होतो तिथंच मी. नुसती मशिनी हलवायची दगदग वाढली."

दादा मागे उभा राहून ऐकत होता. मी त्याच्याकडे वळून बघितलं नाही. मग मागे तो हसायला लागला. आधी नाकातल्या नाकात, मग मोठ्यानं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. समोरचा बावरला. "काय झालं राव?" आणि मग तोही हसायला लागला. कितीतरी महिन्यांनी मी दादाला हसताना पाहत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादानं रस्ता ओलांडला. मीही गेले. आबा पाटाला रंग लावत होते, बोटं निळी झाली होती.

"आबा, मी त्या दिवशी वाईट बोललो," दादा म्हणाला. "मला वाटायचं तुम्ही आमचं नेताय."

"न्हाई ओ." आबांनी रंगाची डबी बंद केली. "तुमचं म्या काय बी न्हेलं न्हाई. मावशी रस्त्याचं भाडं घेती का न्हाई? तसं म्या ह्या हाताचं घेतलं. हात तुमच्या शेडात आसला काय, न्हाईतर हितं आसला काय, भाडं हातालाच."

दादानं वाकून त्यांच्या पायाला हात लावला. आबा संकोचून मागे सरकले आणि दादाच्या शर्टावर निळी बोटं उमटली.

त्यानंतर आबांनी स्वतःच एक नवा रिवाज पाडला. कुणाच्याही नोकरीत राहायचं नाही. ज्याचं अवघड मशीन असेल त्यानं बोलवायचं, मशीनमागे काय ते ठरवायचं. आणि काम फक्त दुपारपर्यंत. सगळ्या रस्त्याला हे मान्य करावं लागलं, दुसरा इलाज नव्हता. मी एकदा विचारलं, "आबा, दिवसभर केलंत तर दुप्पट मिळेल की."

"मिळंल. पर दुपारची कांद्याला पानी द्याची येळ आसती." त्यांची थोडी जमीन उरली होती, नदीच्या अंगाला. "भाडं पैशातच घ्यावं आसं कुठं हाय, ताई? म्या दुपार घेतली."

त्याच वर्षी दादाला एका कंपनीतून मेंटेनन्स प्रमुख म्हणून विचारणा झाली. आम्ही दोघांनी पुन्हा तीच बेरीज केली. इथं जे मिळत होतं तेच तिथं मिळणार होतं, शिवाय रविवार सुट्टीचा. वहिनीला तो रविवार फार हवा होता. दादानं विचारलं, "शेड बंद करायचं का?" मी म्हणाले, "तू जा. मी ठेवते." का म्हणाले, मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. टेबलाशी बसून इतकी वर्षं तो आवाज ऐकला होता, एवढंच होतं बहुतेक.

मी आबांना सांगितलं, "मला शिकवा."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "वय काय तुजं?" पहिल्यांदाच ते मला 'तू' म्हणाले.

"अडतीस."

"हुईल. पर घाई न्हाई करायची."

रोज सकाळी कामगार यायच्या आधी मी एक तास उभी राहायचे. पहिले काही महिने कमरेला काळे-निळे डाग पडले. स्क्रॅपर एक तर घसरायचा नाहीतर रुतायचा. आबा समोर स्टुलावर बसून तंबाखू मळायचे आणि एवढंच म्हणायचे, "हातानं न्हाई. आंगानं." मला तो फरक समजत नव्हता. मग कधीतरी, एका थंडीत, दार अर्धं उघडं असताना, बाहेर धुकं आणि आत लोखंडाचा गार वास, माझं अंग आपोआप पुढे गेलं आणि मागे आलं. पात्याखालून लोखंडाचा कण इतका अलगद सुटला की मला तो सुटल्याचं हातापेक्षा पोटात कळलं. मी थांबून आबांकडे पाहिलं. ते दुसरीकडेच बघत होते, पण तंबाखू मळणारा अंगठा थांबला होता.

वर्षं गेली. घरी भाकरी थापताना नखांच्या कडांत निळा रंग दिसायचा. झोपेत ठिपके दिसायचे, आधी विरळ, मग दाट, चांदण्यांसारखे, आणि मी त्यांच्यामधून काहीतरी मोजत चाललेली असायचे. मी सगळ्या रस्त्याइतक्याच भावानं साधी कामं घेत राहिले आणि त्यावर बरं चाललं. दोन फिटर होते, त्यांचे पगार निघायचे, माझा निघायचा. आणखी काही उरायचं नाही, आणि उरायला हवं असंही वाटेनासं झालं.

मग एकदा आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि एका मोठ्या मिलिंग मशीनचं काम अर्ध्यावर राहिलं. गिऱ्हाईक घाईत होतं. मी ते पूर्ण केलं. आबा डोळ्याला पट्टी बांधूनच रिक्षानं आले, तळहात मशीनच्या पट्टीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला, परत आणला. मग हात फडक्याला पुसला.

"आबा?"

"दे धाडून," एवढंच म्हणाले.

पुढच्या वेळी त्या कंपनीचा फोन आला तेव्हा पलीकडचा माणूस म्हणाला, "मॅडम, मागचं ज्यांनी केलं त्यांच्याच हातचं पाहिजे." मी रस्त्याच्या भावापेक्षा वरचा आकडा सांगितला. तो म्हणाला, "ठीक आहे," आणि फोन ठेवून दिला. मी हातातल्या फोनकडे बघत बसले. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या हिशोबात पाहिलेली गोष्ट आता माझ्या कमरेत, माझ्या खांद्यात येऊन बसली होती.

त्यानंतर मावशी भाडं वाढवायला आल्या, तेव्हा मी पहिल्यांदाच हुज्जत घातली नाही. म्हणाले, "मावशी, मी शेड सोडते. आतल्या बाजूला, गावाकडच्या रस्त्याला एक बघितलंय. निम्म्या भाड्यात आहे."

"आन गिऱ्हाईक? तितं कोन कुत्रं येनार न्हाई."

"माझ्याकडे येणारे आत पण येतील."

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्या पहिल्यांदा रस्ता सोडून दुसरीकडे बघत होत्या. "मंग तुला माजा रस्ता कशाला?" त्या म्हणाल्या. "जा बाय. हितं दुसरा येतोच." आणि खरंच, मी सामान हलवलं त्याच आठवड्यात तिथं टायरवाला आला. त्याला रस्ता हवाच होता.

आता मी आतल्या शेडमध्ये आहे. दारासमोर ज्वारीचं एक वावर आहे, त्यापलीकडे कुठल्याशा वेअरहाउसची लांबलचक पांढरी भिंत. आबा काम करत नाहीत, पण आठवड्यातून एकदा येतात, खुर्चीत बसल्या बसल्या झोपतात. एक मुलगी शिकायला येते, आयटीआय झालेली, मारुंजीहून दोन बस बदलून. अजून तिचा स्क्रॅपर रुततो.

गेल्या आठवड्यात एक जड मशीन आलं. गल्ली अरुंद, ट्रक मागे घेताना ड्रायव्हर घामाघूम झाला. खाली उतरून म्हणाला, "ताई, हायवेला जागा मिळाली नाही का कुठं?"

"होती," मी म्हणाले. "सोडली."

त्यानं मान हलवली आणि ताडपत्रीच्या दोऱ्या सोडायला लागला.